दांडी सुटल्यावर

बॅलेच्या वर्गात भिंतीच्या कडेने, साधारण कमरेच्या उंचीवर, एक गोल लाकडी दांडी बसवलेली असते. तिला फ्रेंच भाषेत ‘बार’ म्हणतात. बॅलेची सगळी परिभाषाच फ्रेंच. चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसला नृत्याची राजमान्य अकादमी काढली, तेव्हापासून या कलेने आपली मातृभाषा बदललेली नाही. आता ‘दर रविवारी सकाळी मी बारला धरून उभी असते’ हे वाक्य एखाद्या मुंजीच्या पंगतीत सहज उच्चारून पाहावे. शेजारच्या पानावरच्या मावशींचा घास हातातल्या हातात राहतो. तेव्हा प्रस्तुत लेखात मी तिला दांडीच म्हणणार आहे. आमच्या कॉलेजात मुले दांडी मारतात आणि इथे आम्ही दांडी धरतो, एवढा फरक वाचकांनी ध्यानात ठेवला म्हणजे झाले.

आम्ही म्हणजे दादरच्या एका शाळेच्या सभागृहात जमणारे अकरा प्रौढ जीव. त्यांत एक दंतवैद्य आहेत, विमा कंपनीतला एक तरुण आहे, संगणकाच्या कचेरीत काम करणाऱ्या दोघी मैत्रिणी आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, आणि मराठी शिकवणारी मी. आमच्यापैकी कोणालाही रंगभूमीवर हंस व्हावयाचे नाही. मुंबईतल्या साध्या घरांतली दोन मुले बॅले शिकतात अशी कथा सूनी तारापोरवाला यांनी ‘ये बॅले’ या २०२० सालच्या चित्रपटात सांगितली, ती पाहून आमच्यातले दोघेतिघे आले. उरलेले का आले ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. लहान मुलींना बॅले कसा शिकवावा यावर हवी तितकी पुस्तके आहेत. चाळिशीत, पन्नाशीत, साठीत जो माणूस प्रथमच ती दांडी धरतो त्याच्या अडचणी मात्र निराळ्या असतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी अडचण वर्गाच्या बरोबर मध्यावर येते.

बॅलेचा तास दोन भागांत वाटलेला असतो. पहिला भाग दांडीपाशी. गुडघे वाकवणे, पाऊल जमिनीवरून लांबवणे, पाय हवेत नेणे, चवड्यांवर चढणे, हे सारे एका हाताने दांडी धरून करावयाचे. चवड्यांवर चढण्याला ‘रलव्हे’ म्हणतात; ‘रेल्वे’ नव्हे, हे आम्हां मुंबईकरांना पहिले दोन महिने बजावून सांगावे लागले. मग शिकवणाऱ्या बाई म्हणतात, “चला, आता मधे या.” त्याबरोबर अकराही चेहरे उतरतात. पाच मिनिटांपूर्वी जो पाय सहज उचलला जात होता तो आता उचलवत नाही. जी मान ताठ होती ती जमीन शोधू लागते. जो माणूस दांडीपाशी आठ मात्रा एका पायावर उभा होता तो मध्यावर दोन मात्रांत खाली येतो. “दांडीपाशी तर छान जमत होतं हो!” हे वाक्य आमच्या वर्गात जितक्या वेळा उच्चारले गेले असेल तितक्या वेळा ‘नमस्कार’ हा शब्दही गेला नसेल.

यावर सर्वसाधारण उत्तर असे मिळते की घोट्यांत ताकद नाही, पोटऱ्या कच्च्या आहेत, व्यायाम वाढवा. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आमच्या दंतवैद्यांच्या पोटऱ्या चांगल्या भक्कम आहेत. रोज चार मैल चालतात. तरी ते मध्यावर डुलतात. मग दांडी त्यांना असे देत तरी काय होती? भार तर ते तिच्यावर टाकत नव्हते. बोटे नुसती टेकलेली.

या प्रश्नाचे फार सुरेख उत्तर जॉन जेका आणि जेम्स लॅकनर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केले. बॅलेशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी माणसांना एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे केले आणि शरीर किती डुलते ते मोजले. मग तर्जनीचे टोक एका पट्टीवर टेकवू दिले. अट अशी की टेकणे फक्त १ न्यूटनच्या आत, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम वजनाइतके. दोन लिंबे तळहातावर घेतल्यासारखे. जास्त दाबले की इशारा वाजे. एवढ्याशा टेकूने पडणारा माणूस सावरणे शक्यच नाही. आणि तरीही डुलणे कमी झाले. पट्टी हवी तितकी दाबू दिली असता जितके कमी होई, जवळजवळ तितकेच. डोळे मिटल्यावरसुद्धा.

म्हणजे बोटाला आधार मिळत नव्हता, बातमी मिळत होती. शरीर किंचित उजवीकडे झुकले की बोटाच्या टोकावरची कातडी तसूभर ओढली जाते, मेंदूला ते तत्काळ कळते आणि घोटा सावरून घेतो. जुन्या चाळीत वीज गेली असता आजी भिंतीला एक बोट लावून जिना उतरत असे, ते आठवावे. भिंत काही तिला धरून ठेवीत नव्हती. पांगुळगाडा वेगळा आणि भिंतीला लावलेले बोट वेगळे. दांडी ही आपल्याला पांगुळगाडा वाटते. जो ती नीट धरतो त्याच्यापाशी ती बहुतेक वेळ भिंतीला लावलेल्या बोटाचेच काम करीत असते. म्हणूनच ‘मी तर अजिबात टेकत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणारा माणूसही मध्यावर आला की कोलमडतो. त्याचा टेकू काढलेला नसतो. त्याचा सर्वांत चोख वार्ताहर रजेवर गेलेला असतो.

बाकीचे वार्ताहर तिघे. पहिला डोळा. दुसरा कानाच्या आतल्या बाजूस बसलेला: तेथे एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन नलिका डोके कसे वळते ते सांगतात आणि चुन्याच्या जातीचे सूक्ष्म कण डोके कोणीकडे कलले ते सांगतात. तिसरा म्हणजे पाय. तळव्याची कातडी, घोट्याचे सांधे, पोटरीचे स्नायू, हे सगळे मिळून एकच बातमीपत्र. मेंदू तिघांचेही ऐकतो, पण सारखे ऐकत नाही. ज्याची बातमी स्पष्ट, त्याला मान. चाळीस मिनिटे बोटाची स्पष्ट बातमी मिळत असेल तर पायाचा कागद चळतीच्या तळाशी जाणारच. आणि आम्ही शहरातली माणसे! सकाळी चपला, दिवसभर बूट, संध्याकाळी घरातही मऊ स्लिपर. पायाकडून बातमी मागवण्याची सवयच मोडलेली.

मराठीत ‘तोल’ हा शब्द तुळा, तुला, तोळा यांच्या गोतावळ्यातला, वजन करण्याच्या धातूपासून निघालेला. हे मला फार समर्पक वाटते, कारण आपण तोल म्हणजे स्थिरता समजतो आणि तो शब्द मात्र तराजूकडे बोट दाखवतो. सराफाच्या पेढीवरचा जुना काटा आठवा. पारडी समान झाली तरी काटा खिळल्यासारखा कधी राहत नसे. किंचित इकडे, किंचित तिकडे. उभा माणूस तसाच आहे. तो सतत पडत असतो आणि सतत सावरत असतो. पडणे इतके लहान आणि सावरणे इतके चटकन की पाहणाऱ्याला तो निश्चल भासतो. मिलानचा नृत्यगुरू कार्लो ब्लासिस याने १८२० साली बॅलेवर ग्रंथ लिहिला. मागचा पाय गुडघ्यात वाकवून एका पायावर उभे राहण्याची जी प्रसिद्ध मुद्रा आहे, ती त्याने जांबोलोन्या या शिल्पकाराच्या मर्क्युरीच्या पुतळ्याशी जोडली. चवड्यावर उभा, एक हात आकाशाकडे, फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातला हा कांस्याचा देव चारशे वर्षांहून अधिक काळ पडलेला नाही. पण तो ओतीव आहे. त्याची मुद्रा घ्यावी, त्याचा ताठरपणा घेऊ नये. आमच्यातला प्रत्येक प्रौढ मध्यावर येताच नेमके उलटे करतो: श्वास रोखतो, जबडा आवळतो, घोटा लाकडासारखा करतो. ज्या घोट्याने क्षणाक्षणाला हलून सावरावयाचे त्यालाच आपण जखडून ठेवतो, आणि मग पडण्याखेरीज त्या बिचाऱ्याला दुसरा मार्ग उरत नाही.

हात सोडण्याचे नाट्य म्हणून पाहावयाचे असेल तर ‘स्लीपिंग ब्यूटी’मधला ‘रोज आदाज्यो’ पाहावा. पेतिपाने नृत्य बसवले, चायकोव्स्कीने संगीत दिले, सेंट पीटर्सबर्गला १८९० साली प्रथम प्रयोग झाला. राजकन्या ऑरोरा पायाच्या बोटांच्या टोकावर, एका पायावर उभी आहे. चार राजपुत्र मागणी घालावयास आले आहेत. एकाचा हात सोडावयाचा, हात डोक्यावर न्यावयाचा, क्षणभर एकटीने उभे राहावयाचे आणि मग दुसऱ्याचा हात घ्यावयाचा, असे चौघे. प्रेक्षक तो एकटेपणाचा क्षण मोजत असतात. मी मात्र वाचकांना सुचवीन की त्या क्षणाच्या आधी राजपुत्राच्या हाताकडे पाहा. तो थरथरत असेल तर समजावे की ती त्याच्यावर रेलली आहे आणि पुढचा क्षण तोकडा पडणार. तो शांत असेल तर ती आधीपासूनच स्वतःच्या पायावर उभी आहे, हात केवळ शिष्टाचार. मार्गो फॉन्टेनने १९४९ साली न्यूयॉर्कला ऑरोरा नाचून अमेरिका जिंकली ती याच भूमिकेत. हीच फॉन्टेन १९६२ साली न्युरेयेव्हबरोबर प्रथम नाचली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. ही गोष्ट मी माझ्या वयाच्या वाचकांसाठी मुद्दाम नमूद करते. अर्थात तिने सुरुवात चाळिशीत केली नव्हती, हेही ओघाने आलेच.

आता प्रत्यक्ष काय करावे? दांडीपासून दूर जाण्याचा अभ्यास दांडीपाशीच करावा लागतो. तास संपताना एकदा हात उचलून काही साधत नाही. प्रत्येक व्यायामाच्या शेवटच्या चार मात्रांना हात दांडीवरून एका लिंबाच्या जाडीइतका वर उचलावा, आणि पुन्हा टेकावा. दिवसाकाठी वीस-तीस वेळा वार्ताहराला असे बाहेर पाठवले की मेंदू नाइलाजाने पायाचा कागद वर काढतो. हात शरीराच्या किंचित पुढे असावा, कोपर सैल, अंगठा दांडीखाली घालून मूठ आवळू नये. आमच्या बाई बांद्र्याच्या. त्यांचे मराठी त्यांच्या खास वळणाचे. कोणी मूठ आवळली की लांबूनच विचारतात, “एवढा घट्ट काय पकडतेस? लोकल हाय काय?”

दांडी आणखी एक काम गुपचूप करते, ते मला फार उशिरा दिसले. दोन पायांवर उभे असताना भार दोहोंच्या मध्ये असतो. एक पाय उचलावयाचा तर आधी कंबर दुसऱ्या पावलाच्या बरोबर वर न्यावी लागते, चांगली चार बोटे अंतर. दांडीपाशी हे सरकणे हाताच्या एका बारीक रेट्याने होऊन जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मध्यावर रेटा द्यावयास काही नाही. आपण पाय उचलतो आणि भार अजून मध्येच रेंगाळतो. तेव्हा दोष पुष्कळदा उभे राहण्यात नसतो, तेथे पोहोचण्यात असतो. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: पाय न उचलता नुसता भार एका पावलावरून दुसऱ्यावर न्यावा, मग परत. सावकाश, चार मात्रांत. दुसऱ्या पायाची टाच आपोआप हलकी झाली की समजावे पोहोचलो. मग अंगठाच काय तो जमिनीवर ठेवावा. मग तोही उचलावा. या व्यायामात दाखवण्यासारखे काही नाही, म्हणून तो कोणी करीत नाही.

पावलाचेही तसेच. टाच, अंगठ्यामागचा उंचवटा आणि करंगळीमागचा उंचवटा ही तीन ठिकाणे जमिनीला सारखी टेकलेली असावीत; चुलीच्या तीन दगडांसारखी. बॅलेत पावले बाहेर वळवावयाची असतात, आणि ते वळण मांडीच्या सांध्यातून यावयास हवे. लहानपणापासून शिकणाऱ्याला ते थोडेफार साधते. चाळिशीतला खुबा आपल्या जागी कायम झालेला असतो. तो जेवढे वळू देईल तेवढेच आपले. त्याहून जास्त वळण आपण दांडीला धरून, गुडघे पिळून उसने आणतो. मग पावलाची कमान आतल्या बाजूस कोसळते, तीन दगडांपैकी एक उचलला जातो. शिवाय पावले जितकी आडवी, तितकी पुढे-मागे पायाखालची जागा कमी. म्हणून मध्यावर आल्यावर वळण थोडे कमी करावे. दिसावयास कमी ऐटदार, पण उभे राहणे जमते. आमच्या वर्गातला विमा कंपनीतला तरुण या एका बदलाने पंधरा दिवसांत सुधारला. दांडीपाशी मात्र अजून तो ऐट सोडत नाही.

येथे आमच्या एका मामेबहिणीचा आक्षेप सांगते. ती भरतनाट्यम् शिकलेली. “आपल्याकडे नाही बाई कठडा लागत. मुलगी पहिल्या दिवसापासून अरमंडीत मध्यावर उभी राहते.” हे खरे आहे, पण त्यावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यात मला रस नाही. तिथे गुडघे वाकलेले, भार खाली, आणि सबंध तळवा जमिनीवर आपटून वाजवावयाचा. प्रत्येक ठोक्याला पाय बातमी देतोच देतो. इथे गुडघा सरळ, भार वर खेचलेला, आणि चवड्यावर चढले की पायाखाली उरते चार बोटांची जागा. गरज निराळी म्हणून साधन निराळे. एवढे मात्र मी तिच्याकडून उचलले आहे: घरी अनवाणी सराव करणे.

डोळ्यांविषयी थोडे. दृष्टी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, एका न हलणाऱ्या वस्तूवर ठेवावी. जमिनीकडे पाहिले की डोके झुकते आणि डोक्यामागून सगळा माणूस जातो. आरसा हा या बाबतीत फसवा सोबती आहे. आरशातली छबी आपल्याबरोबरच डुलते. जी वस्तू आपल्याबरोबर हलते तिच्यावरून आपण किती हललो ते कसे कळावे? आमच्या बाई महिन्यातून एकदा सगळ्यांना आरशाकडे पाठ करून उभे करतात. त्या दिवशी सभागृहात शेतात वारा सुटल्यासारखे दृश्य असते.

हातांचे काम डोंबाऱ्याच्या पोरीला विचारावे. ती दोरावर चालताना आडवा लांब बांबू धरते तो शोभेसाठी नव्हे. वजन मध्यापासून दूर पसरले की शरीर कलण्यास वेळ लागतो, आणि त्या उसन्या वेळात पाय सावरून घेतो. बॅलेतले बाजूला पसरलेले हात हा त्याच बांबूचा धाकटा भाऊ. पण ते पाठीतून धरलेले हवेत. नुसते लोंबकळणारे हात उलट आपल्यालाच ओढतात.

घरच्या सरावाला स्वयंपाकघराचा ओटा उत्तम. उंची जवळजवळ दांडीचीच. दूध तापेपर्यंत ओट्याला दोन बोटे लावून दोन्ही चवड्यांवर चढावे आणि चार आकडे मोजत उतरावे. चढणे कोणालाही येते. उतरणे सावकाश होऊ लागले की पोटरी तयार होते. मग बोटे उचलून. मग एका पायावर, टाच टेकवून. (दूध उतू जाते. याला मी जबाबदार नाही.) हे जमू लागले की खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत हाताशी असताना, एका पायावर उभे राहून डोळे मिटावेत. चाळिशीतल्या धडधाकट माणसालाही दहा सेकंद जड जातात, तेव्हा लाजू नये. ज्यांना चक्कर येते, कानाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा खेळ करू नये. रोजची पाच मिनिटे रविवारच्या तासाहून अधिक कामाची. मारी ताग्लियोनी, १८३२ साली ‘ला सिल्फीद’ नाचून जिने युरोप वेडा केला ती, तरुणपणी व्हिएन्नात वडिलांच्या देखरेखीखाली दिवसाचे सहा तास सराव करी आणि एकेका मुद्रेत शंभर आकडे मोजीत उभी राही. ते तिचे वय आणि तो तिचा बाप. आपण त्या वाटेने जाऊ नये.

आता काकूंविषयी. काकू बासष्ट वर्षांच्या आहेत. त्यांच्या आई मोरीत घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि त्या पुन्हा चालल्या नाहीत. काकूंची स्वतःची हाडेही ठिसूळ होऊ लागल्याचे तपासणीत निघाले आहे. मुलगा ठाण्याला असतो, त्याचे म्हणणे, “आई, या वयात एका पायावर उभी राहतेस? पडलीस म्हणजे?” त्याचे काय चुकले? मायेनेच बोलतो. आणि काकू गेली दोन वर्षे दांडीपाशी सगळे उत्तम करीत, पण मध्यावर यावयाची वेळ झाली की पाण्याची बाटली शोधीत खुर्चीकडे जात.

पडण्याच्या भीतीने धरून ठेवावे, की पडू नये म्हणून सोडावयास शिकावे? आकडे काय सांगतात तेवढे सांगते. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ माणसांना एका पायावर दहा सेकंद उभे राहावयास सांगितले. ही पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. पाचांतल्या एकाला ते जमले नाही. ५१ ते ५५ या वयात न जमणारे शेकडा ५ च्या आसपास, ७१ ते ७५ मध्ये निम्म्याहून अधिक. पुढच्या सुमारे सात वर्षांत ज्यांना जमले नव्हते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. यावरून एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा अर्थ कोणी काढू नये. ज्याची प्रकृती ढासळली आहे त्याचा तोल आधी जातो, इतकेच त्यातून दिसते. पण दुसरी गोष्ट अधिक भरवशाची आहे. वृद्धांच्या पडण्यावर जगभर झालेल्या शंभराहून अधिक प्रयोगांचा २०१९ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी झालेले दिसले. आणि त्या व्यायामांत तोलाचा अभ्यास प्रमुख होता. त्या म्हाताऱ्या माणसांनी बॅले केला नव्हता, हे सांगावयास हवे. भार सरकवणे, एका पायावर येणे, हात सोडणे, एवढेच केले होते.

हे मी काकूंना सांगितले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि बाटली शोधावयास गेल्या. आकड्यांनी भीती जात नसते. बाईंनी निराळे केले. त्यांनी मध्यावर एक जड खुर्ची आणून ठेवली, तिची पाठ काकूंच्या हाताशी. आणि मागे दंतवैद्यांना उभे केले. “काकू, पहिला पडायला शिकायचा,” त्या म्हणाल्या. म्हणजे काय, तर तोल गेलासे वाटताच दोन्ही पाय जमिनीवर आणून गुडघे मऊ वाकवावयाचे आणि श्वास सोडावयाचा. तीन रविवार काकूंनी एवढेच केले: अर्धवट चढणे आणि नीट उतरणे. तोल जाण्याचा क्षण पुनःपुन्हा आला आणि दर वेळी त्या दोन पायांवर उभ्या होत्या. चौथ्या रविवारी खुर्चीवर पूर्ण हात नव्हता, दोन बोटे होती. सातव्या रविवारी एक.

नवरात्रानंतरच्या पहिल्या वर्गात पियानोची तबकडी चालू असताना त्यांनी बोट उचलले. टाच टेकवून, साधाच उजवा पाय घोट्यापाशी लावलेला. त्यात राजकन्येचे काही नव्हते. आम्ही मोजले: अकरा मात्रा. बाराव्या मात्रेला त्या खाली आल्या, गुडघे वाकवून, शिकवल्याप्रमाणे. दंतवैद्यांना हात लावावाच लागला नाही.

मुलाला त्यांनी अजून सांगितलेले नाही. तो लक्ष्मीपूजनाला येणार आहे. चकल्या तळून झाल्या की गॅस बंद करून, ओट्यापाशी, त्याच्यादेखत करून दाखवणार आहेत म्हणे.